साहेबाचे ओटे आणि आमचा बॅरोमीटर

फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या माणसाला कोकणात ब्लॅक होलबद्दल कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, 'पुढे काय?' डॉक्टर होणाऱ्या पोराला, वकिली शिकणाऱ्या पोरीला हे कोणी विचारत नाही. त्यांचं पुढचं दारावरच्या पाटीत ठरलेलं असतं. आमच्या पाटीवर नेमकं काय लिहायचं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना चाळिशी आली तरी धड सांगता येत नाही.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. एम.एस्सी.नंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, मग वर्षभराची इंटर्नशिप, मग इथलीच एका हॉस्पिटलातली नोकरी. गणपतीला घरी गेलं की थोरली काकी न चुकता विचारते, "अगो, तू डाक्टर नाय, नर्स नाय, मगे हॉस्पिटलात करतंस तरी काय?" कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देणारं मशीन जेवढं देतो म्हणतं तेवढंच देतं की नाही, ते मी मोजते, असं मी सांगितलं. काकांचं गावात किराणा दुकान होतं आणि वजनमाप खात्याचा माणूस ठरल्या वेळी येऊन काटे-मापं तपासून जायचा. काकीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तू काट्यावर शिक्को मारणारी." माझ्या कामाचं इतकं चोख वर्णन माझ्या नियुक्तीपत्रातही नाही.

वर्तमानपत्रात भौतिकशास्त्र येतं ते दोन वेळा. नोबेल जाहीर होतं तेव्हा आणि ग्रहण असतं तेव्हा. त्यामुळे लोकांचा असा समज होतो की हे सगळे विश्वाच्या जन्माचाच विचार करत बसलेले असतात. तसा विचार करणारे आहेतच, पण ते मूठभर. सगळ्यात मोठा गोट घनपदार्थवाल्यांचा: धातू, अर्धवाहक, चुंबक, काचेवर चढवलेले पातळ थर. त्यांच्याखेरीज लेसरवाले, प्लाझ्मावाले, अणुकेंद्रावर काम करणारे, हवामानाची समीकरणं संगणकावर सोडवणारे, समुद्राचे प्रवाह मोजणारे, भूकंपाच्या लहरी वाचणारे. यातल्या कित्येकांच्या पदनामात 'फिजिसिस्ट' हा शब्दच नसतो. सायंटिफिक ऑफिसर, मीटिऑरॉलॉजिस्ट, प्रोसेस इंजिनीयर, ॲनालिस्ट अशी काहीतरी नावं असतात आणि घरचे ती पाठ करून सोयरिकीच्या वेळी सांगतात.

या शाखा माणसं कशी निवडतात? करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात सांगतात तशी तर नाहीच. तिथे एका बाजूला सर्नचा फोटो, दुसऱ्या बाजूला नासाचा, आणि मधे 'आपली आवड ओळखा'. आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला टिन ऑक्साइडच्या थरांवर पीएच.डी. मिळाली, कारण त्या वर्षी त्या सरांकडे जागा रिकामी होती. भट्टीत थर तयार करायचा, त्यावर अमोनिया सोडायचा, विद्युतरोध किती बदलतो ते लिहायचं. वर्षानुवर्षं हेच. पण ते थर बनवायला निर्वात पंप लागायचा, तो सारखा बिघडायचा आणि दुरुस्तीला मुंबईहून माणूस येईपर्यंत महिना जायचा. शेवटी तीच पंप उघडायला शिकली. आज ती निर्वात उपकरणांच्या धंद्यात आहे आणि अमोनियाशी तिचा काही संबंध उरलेला नाही. दुसरा एक सैद्धांतिक मार्गाने गेला, पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, दोन-तीन खेपा झाल्या, कायमची जागा काही लागेना, मग मुंबईत बँकेसाठी जोखमीचं गणित मांडू लागला. त्याला लोक 'फिजिक्स सोडलं' म्हणतात. तो म्हणतो, समीकरणं तीच आहेत, फक्त पगार वेळेवर येतो. एक हवामान खात्यात आहे. दोघं ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, आणि त्यांतल्या एकाच्या हाताखालून गेलेली पोरं आमच्या सगळ्यांपेक्षा पुढे गेली आहेत.

फेलोशिप, गाइड, परीक्षेची तारीख, घरची परिस्थिती, आणि प्रयोगशाळेत त्या वेळी चालू स्थितीत असलेलं यंत्र. शाखा ठरते ती यांच्यातून. नेट ही परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, लागली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. ती लागली की नाही यावर आयुष्याचा विषय ठरलेली माणसं मी पाहिली आहेत. याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही, आणि त्याला आमच्याच गावाजवळची एक गोष्ट कारण आहे.

आमचं गाव वाघोटण खाडीच्या काठचं. खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. किल्ल्यात काही चौथरे आहेत, त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. शाळेच्या सहलीला आलेल्या प्रत्येक पोराला ऐकवलेली गोष्ट अशी: लॉकियर नावाच्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला इथे दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधला. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. गोष्ट झकास आहे, फक्त त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली हे खरं. पण वेध घेणारे गुंटूरला जान्सन, मछलीपट्टणला पॉगसन, जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट असे विखुरलेले होते. लॉकियर तेव्हा ब्रिटिश युद्ध खात्यात कारकून. नोकरी सांभाळून फावल्या वेळात सूर्य बघायचा. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं यंत्र, कारागिराकडून यायला उशीर झाला, आणि तो हातात पडल्यावर २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहणाशिवायच, लख्ख उन्हात, सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात पिवळी रेघ होती. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा आपापल्या ठरलेल्या जागी असतात. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरचा फरक. तेवढ्या फरकावर त्याने हा पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ असल्याचं म्हटलं आणि रसायनवाल्यांनी पुढची बरीच वर्षं त्याकडे संशयाने पाहिलं.

विजयदुर्गला तो आला, पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मेलपोमीनी या युद्धनौकेच्या खलाशांना उपकरणं चालवायला शिकवून त्याने ती जेमतेम दोन मिनिटांची खग्रास स्थिती टिपली. ओटे तेव्हाचे असावेत असं माझं मत आहे. त्याच ग्रहणाला पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आपली मंडळी घेऊन जेऊरला गेले होते. त्यांच्याकडे त्या वेळची देशातली एक फार मोठी दुर्बीण होती, भावनगरच्या महाराजांच्या पैशातून आलेली. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एक माणूस गेला की विषयच उठून जातो, हे आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे.

गावात ही दुरुस्ती सांगायला गेलं की लोक नाराज होतात, आणि ते मला समजतं. पण मला खरी गोष्टच जास्त कामाची वाटते. पोरांना सांगायचंच तर हे सांगावं की तो एक कारकून होता. आणि आपले रामनही १९०७ ते १९१७ वित्त खात्यात हिशेब तपासत होते, संध्याकाळी प्रयोग करत होते. १९२१ च्या सप्टेंबरात समुद्राच्या निळ्या रंगावरचं टिपण त्यांनी नेचरला पाठवलं, त्यावर पत्ता 'एस.एस. नारकुंडा, मुंबई बंदर' असा आहे. ते नेचर नियतकालिकही लॉकियरनेच १८६९ मध्ये सुरू केलेलं.

हेलियमचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला तो युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडला. तो युरेनियममध्येच का, ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. मग किरणोत्सर्गावर काम करणाऱ्यांच्या हाती धागा लागला: युरेनियम, रेडियम यांतून सुटणारा अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्रक. हे पक्कं करणाऱ्या रदरफोर्डला १९०८ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, आणि त्याची त्याला गंमत वाटली होती म्हणतात. त्याच वर्षी लायडनला कामरलिंग ओन्सने हेलियम द्रवरूप केला, उणे २६९ अंशांवर. त्या थंडीत पाऱ्याची तार धरली तर तिचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला, १९११ मध्ये. म्हणजे सूर्यवाल्यांचं काम रसायनवाल्यांकडे, तिथून अणुवाल्यांकडे, तिथून थंडीवाल्यांकडे, तिथून घनपदार्थवाल्यांकडे. आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एमआरआय आहे. त्याच्या आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये बुडालेली असते, म्हणजे तिलाही विद्युतरोध उरत नाही. चुंबक अचानक तापलं तर सगळा हेलियम उकळून जाईल, तो बाहेर काढायला छतावरून जाडजूड नळ काढलेला आहे. त्याच्या तोंडात पावसाचं पाणी शिरू नये म्हणून पावसाळ्याआधी देखभालवाला छतावर चढतो आणि खाली येऊन कोकणातल्या पावसाला शिव्या घालतो. पाऊस इथे आडवा पडतो, नळाचं तोंड कुठेही वळवा.

यातल्या कोणत्या टप्प्यावर कोणाची 'आवड' चालली होती, कोण जाणे. प्रत्येकाच्या हातात एक यंत्र होतं आणि त्यातून काहीतरी न जुळणारं निघालं, एवढंच दिसतं.

आणि काही शाखा अशा की जिथे काही निघूच नये म्हणून माणसं बसलेली असतात. अलिबागची चुंबकीय वेधशाळा तशी. मुंबईत कुलाब्याला १९ व्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू होती. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ, ज्याचं नाव आजही निघतं, ते तिथल्या नोंदीत स्पष्ट उतरलं: क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. मग मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या ठरल्या. ट्रामच्या विजेने सुया डळमळणार, म्हणून नानाभाई मूस यांनी वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवायची तजवीज केली. इमारत लोखंडाशिवाय बांधली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा जुळवता येईल. ती मालिका अजून चालू आहे.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग ती दोन वर्षं. कोणालाही त्यासाठी पारितोषिक मिळालेलं नाही. ट्राम यायच्या आधी घाईने गाशा गुंडाळला असता तरी त्या वेळी कोणी बोललं नसतं. पन्नास वर्षांनी कोणीतरी आलेख काढला असता तर मधेच एक पायरी दिसली असती, आणि ती पृथ्वीची की बदललेल्या जागेची, हे सांगता आलं नसतं. आज अलिबागला पर्यटक समुद्र आणि किल्ला बघून परततात. वेधशाळेच्या बाजूने जाताना तिकडे नजर टाकणारा एखादाच.

माझं काम याच जातीचं. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीन आज किती मात्रा देतंय ते बघायचं. मोजायला आयोनायझेशन चेंबर असतो, बोटासारखा बारीक, आत ०.६ घन सेंटिमीटर हवा. किरण त्या हवेतून गेले की विद्युतभार सुटतो, तो इलेक्ट्रोमीटर मोजतो. चेंबर बंद नसतो, बाहेरच्या हवेशी त्याचं नातं असतं. बाहेर दाब कमी, की आत हवेचे रेणू कमी, की आकडा कमी. म्हणून तापमान आणि दाब घेऊन आकडा २० अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कलवर आणायचा. डिसेंबरात इथे ही दुरुस्ती नगण्य असते. जुलैत समुद्रावर कमी दाबाचा पट्टा येऊन बसला आणि बॅरोमीटर १००० दाखवू लागला, की तीच दुरुस्ती सव्वा टक्क्याच्या वर जाते. आणि महिन्याच्या तपासणीत मशीनला मुभा असते ती दोनच टक्क्यांची. म्हणजे अरबी समुद्रात काय चाललंय ते धरलं नाही, तर चांगलं मशीन बिघडलेलं वाटेल, किंवा बिघडलेलं चांगलं.

इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, मोबाईलवरचा दाब घ्यायचा नाही. हवामानाच्या ॲपमधला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. इथे किनाऱ्यावर तो चालून जाईल, आणि तोच धोका. कारण सवय लागेल, मग पुढे नोकरी कोल्हापूरला लागेल. घाट चढून गेलं की खरा दाब सहा-सात टक्क्यांनी खाली असतो आणि ॲप १०१० च दाखवत असतं. मुलं मान डोलावतात. त्यातली निम्मी मनात अजून कॉस्मॉलॉजी करत असतात, ते चेहऱ्यावर दिसतं.

पावसाळ्यात आणखी एक छळ म्हणजे दमटपणा. केबलच्या जोडणीत बाष्प शिरलं की मशीन बंद असतानाही इलेक्ट्रोमीटरचा आकडा हळूहळू सरकत राहतो. मग सिलिका जेलच्या पुड्या, डीह्युमिडिफायर, आणि सगळं जोडून वाट बघत बसणं. घरी लोणच्याच्या बरण्या सांभाळणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही.

माझी भाची रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आकाशगंगांवर काम करायचंय. कॉलेजात आकाशगंगा उपलब्ध नसल्यामुळे प्रोजेक्ट मिळाला तो भरती-ओहोटीचा. धक्क्याच्या खांबाला पीव्हीसीचा पाइप बांधायचा, तळाशी दाब मोजणारा सेन्सर, दर पाच मिनिटांनी नोंद. सुरुवातीला तोंड पाडून सांगायची, "मावशी, भरती तर आजोबा तिथीवरून सांगतात, त्यात मी काय करणार?" तिचे आजोबा म्हणजे माझे वडील. तिथीची पाऊणपट करायची, तितके तास, मग खाडीप्रमाणे थोडं मागेपुढे धरायचं, हा त्यांचा हिशेब. अष्टमीला सहा. तिने कागदावर मांडून बघितलं: ३० तिथींत चंद्र सूर्याच्या मानाने पूर्ण फेरा घेतो, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं हवीत, ४५ नव्हेत, पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक साठणार. मोठ्या विजयाने तिने ते आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "ता आमी मनात धरतोच."

त्यानंतर मात्र तिचा सूर बदलला. सेन्सर पाण्याचा दाब मोजतो तसा वरच्या हवेचाही मोजतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी. हवेचा भाग वजा केल्याशिवाय तिची भरती खरी नाही. म्हणून मला फोन. माझ्याकडे बॅरोमीटरची वही आहे, रोज सकाळची नोंद. मी पानांचे फोटो काढून पाठवले आणि काम झालं असं समजले.

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. रोज एकाच वेळची नोंद तिला चालणार नाही. हवेलाही दिवसातून दोनदा भरती येते, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, आपल्या अक्षांशांना दोन-तीन हेक्टोपास्कलांनी. सूर्याच्या उष्णतेचा खेळ, बरोबर बारा तासांचा. चंद्राची भरती बारा तास पंचवीस मिनिटांची. दोन्ही तिच्या आलेखात एकमेकांत मिसळल्या आहेत आणि त्या सोडवायच्या तर हवेच्या दाबाची अखंड नोंद हवी. मी इतकी वर्षं सकाळी आठचाच आकडा घेते. मला पेशंटसाठी तेवढाच लागतो. दुपारी चारला त्या बॅरोमीटरकडे मी सहज म्हणूनही कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. उतरला होता.

आता तिला एक छोटा रेकॉर्डर आमच्या खोलीत महिनाभर ठेवायचाय. हॉस्पिटलात बाहेरचं उपकरण ठेवायचं म्हणजे परवानगी लागते, आणि भरतीचा अभ्यास रेडिएशन विभागात कशाला, याचं उत्तर अर्जात लिहावं लागेल. मधेच तिचा जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्मही भरायचा आहे. पसंतीक्रमात कोणत्या संस्था टाकायच्या यावर घरात रोज वाद चालू आहे, माझा भावोजी अजून 'बँकेच्या परीक्षा दे' म्हणतो. ती त्यातलं काही मनावर घेत नाही. काल फोन करून तिने एवढंच विचारलं की अर्ज डीनच्या नावाने करायचा की आमच्या विभागप्रमुखांच्या.